आधी शिका, मग शोधा?

गेल्या काही वर्षांत आमच्या कटंगीत एक शब्द घरोघर शिरला आहे. प्रोजेक्ट. मध्य प्रदेशानं २०२१-२२च्या सत्रापासून कॉलेजांत नवं राष्ट्रीय शिक्षण धोरण लागू केलं. तेव्हापासून पदवीच्या पहिल्याच वर्षी मुलामुलींना विषयांच्या जोडीला प्रकल्प, इंटर्नशिप, अप्रेंटिसशिप किंवा सामुदायिक काम यांपैकी काहीतरी करावं लागतं. बारावी होऊन चार महिने झालेली पोरगी घरी येऊन सांगते, "आई, मला सर्वे करायचाय." आणि आईच्या कपाळाला आठी पडते.

ही आठी खोटी नाही. महिला मंडळात हा विषय निघाला की बायका विचारतात, अजून चार पुस्तकं धड वाचली नाहीत, त्या पोरीनं संशोधन कसलं करायचं? पाया भरल्याशिवाय भिंत उभी राहते का? आणि मुलीच्या जातीनं वही घेऊन दारोदार फिरायचं, लोकांना प्रश्न विचारायचे, हे कशासाठी? त्यापेक्षा नोट्स पाठ कराव्यात, चांगले मार्क घ्यावेत.

मला हा प्रश्न निव्वळ शिक्षणखात्याचा वाटत नाही, नीतीचा वाटतो. ज्याला अजून पुरतं येत नाही, त्याच्या हाती उत्तर नसलेला प्रश्न देणं योग्य की अयोग्य? त्यातून त्याचं भलं होतं, की आपण त्याला उगाच खोल पाण्यात ढकलतो?

आधी संशोधन म्हणजे काय ते साध्या शब्दांत सांगते, कारण हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे पांढरा कोट आणि काचेच्या नळ्या येतात. माझ्या समजुतीप्रमाणे, ज्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात नाही आणि शिक्षकालाही ठाऊक नाही, ते नीट पद्धतीनं शोधणं आणि जे सापडलं ते जसंच्या तसं सांगणं म्हणजे संशोधन. ते प्रयोगशाळेत होतं तसं बांधावरही होतं.

आपल्याच जिल्ह्याचं उदाहरण घ्या. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली जीआय मानांकन मिळालं. पेपरात बातमी आली, आपल्याला आनंद झाला. पण कटंगीच्या आसपासच्या एखाद्या गावात आज किती घरं चिन्नोर लावतात? ज्यांनी सोडला त्यांनी कोणत्या वर्षी सोडला आणि का? उतारा कमी येतो म्हणून, की बियाणंच घरात राहिलं नाही म्हणून? रोवणीला बाया मिळत नाहीत हे कारण कितीजण सांगतात? एका गावाची ही माहिती कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडणार? ती बांधीत उभं राहून, घरोघर बसूनच गोळा करावी लागेल. त्यासाठी पीएच.डी. लागत नाही. लागतो थोडा धीर, नीट आखलेली वही आणि चुकीचं न लिहिण्याचा निश्चय.

इथं आमच्या भागातल्या मुलींकडे एक जमेची बाजू आहे, तिच्याकडे आपलं लक्ष जात नाही. कॉलेजचा फॉर्म हिंदीत असतो, घरात मराठी चालते आणि शेतात पोवारी. बाहेरगावहून आलेल्या प्राध्यापकांना म्हातारी आजी पोवारीत काय म्हणाली ते कळणार नाही. पोरीला कळतं. वर्गात जी शेवटच्या बाकावर गप्प बसते, तीच बांधावर जाणकार ठरते.

आता जगाकडे बघू. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला संशोधन द्यावं, ही कल्पना काही आपल्या सरकारनं काढलेली नाही. पोलरॉइड कॅमेऱ्याचा जनक एडविन लँड यानं १९५७ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे ज्याला आपण एमआयटी म्हणतो तिथं, एक भाषण केलं. त्याचं म्हणणं असं होतं की विद्यार्थी आला की लगेच त्याला त्याचा स्वतःचा शोध हाती द्यावा, वर्षानुवर्षं फक्त ऐकत बसवू नये. लँडनं स्वतः हार्वर्डचं शिक्षण अर्धवट सोडलं होतं, त्यामुळे कॉलेजात मन का लागत नाही हे त्याला अनुभवानं ठाऊक असणार. पुढे १९६९ साली त्याच संस्थेत मार्गारेट मॅकव्हिकर या तरुण प्राध्यापिकेनं तो विचार प्रत्यक्षात आणला. पदवीच्या मुलांनी प्राध्यापकांच्या खऱ्या संशोधनात काम करावं अशी योजना तिनं सुरू केली, आणि ती आजही चालू आहे. एका बाईनं लावलेलं हे रोप आहे, म्हणून मला त्याचं जास्त कौतुक.

पण कौतुकानं भागत नाही. याचा मुलांना उपयोग होतो का, हे लोकांनी मोजूनही बघितलं आहे. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन इथल्या शाखेत २००५ पासून विज्ञानाच्या नवख्या विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी संशोधनात घेतात. तीन सत्रांचा हा क्रम असतो. २०१६ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी असं केलं की, या योजनेतली मुलं आणि गुण, घरची स्थिती वगैरे बाबतींत त्यांच्यासारखीच, पण योजनेबाहेरची मुलं, अशी जोडी लावून तुलना केली. तिन्ही सत्रं पूर्ण करणाऱ्यांपैकी सुमारे ८३ टक्के सहा वर्षांच्या आत पदवीधर होतात, तर त्यांच्याशी जुळणाऱ्या बाकीच्यांत हे प्रमाण सुमारे ६६ टक्के, असा त्यांचा हिशेब निघाला. विज्ञान, इंजिनिअरिंग, गणित याच शाखेत पदवी मिळवण्याचं प्रमाण ९४ विरुद्ध ७१.

आणि मार्क? मार्कांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

हे मी दोनदा वाचलं. आपण आया तर मार्कांवरच सगळं जोखतो. इथं मार्क तेवढेच राहिले, पण मुलं टिकली. अर्ध्यावरून परत गेली नाहीत. आपल्या भागात एखादी मुलगी बी.ए.चं दुसरं वर्ष सोडते, तेव्हा ती बहुधा नापास झालेली नसते. घरात कुणी आजारी पडतं, रोवणीचा हंगाम येतो, स्थळ सांगून येतं, आणि कॉलेज सुटतं. तिला थोपवून धरण्याइतकं कॉलेजात तिचं स्वतःचं असं काही नसतं.

मिशिगन विद्यापीठाचा आणखी एक अभ्यास आहे, १९९८ सालचा. तिथं संशोधनासाठी अर्ज करणाऱ्यांतूनच काहींना घेतलं गेलं, काहींना नाही, आणि दोन्हींची तुलना झाली. त्यामुळे ‘ज्यांना आवड होती तीच टिकली’ ही शंका बरीचशी मिटते. सर्वांत जास्त फायदा झाला तो कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना, म्हणजे ज्यांना त्या मोठ्या विद्यापीठात परकं वाटण्याचा संभव जास्त त्यांना. आणि पहिल्या वर्षाच्या मुलांपेक्षा दुसऱ्या वर्षाच्या मुलांवर परिणाम अधिक दिसला.

या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या तर आयांच्या आठीतही थोडं तथ्य आहे असं म्हणावं लागतं. लवकर द्यावं हे खरं, पण दाखला घेतल्याच्या दिवशी प्रश्न हातात कोंबला की चमत्कार होतो असं नाही. टेक्सासचा फायदा तीन सत्रं धरून राहिलेल्यांचा आहे. वेळ लागतो आणि सोबतीला माणूस लागतो. पंधरा दिवसांत गुंडाळलेल्या सर्वेला हे आकडे लावता येणार नाहीत.

माझ्या ओळखीची एक मुलगी आहे, आमच्याच गल्लीतली. तिनं पहिल्या वर्षाला आपल्या आजोळच्या गावातल्या जुन्या धानांची नावं लिहून काढायला घेतली. कोण कोणतं वाण लावत असे, कुणाच्या कोठीत बी शिल्लक आहे, असं सगळं. ती माझ्याकडेही आली, कारण माझ्या सासूबाईंना अशी बरीच नावं तोंडपाठ होती आणि त्यांची काही मला आठवतात. ती नावं सांगताना मी एका नावाबद्दल म्हटलं, "लिहून टाक, असंच असेल." तिनं पेन थांबवलं. म्हणाली, "असेल असं नको काकू, तुम्ही बघितलंय की ऐकलंय?" मी म्हटलं, ऐकलंय. तिनं पुढं कंसात लिहिलं, ‘ऐकीव’.

त्याच हिवाळ्यात तिच्या घरी कॉलेज पुरे झालं अशी चर्चा सुरू झाली. भांडण नाही, रडारड नाही, सगळं समजुतीनं. वडील म्हणाले, घरी बसून परीक्षा दे, रोज जायची काय गरज? ती इतकंच म्हणाली, "माझी वही अर्धी आहे, बाबा. सात घरं राहिलीत." वडील पुढं काही बोलले नाहीत. ती आता दुसऱ्या वर्षाला आहे. पुढचं पुढे. पण मला त्या दिवशी टेक्सासचे आकडे कळले. जिच्याकडे अर्धी वही असते, तिला परत जायला कारण असतं. साठ जणींच्या वर्गातून एक उठून गेली तर हजेरीपटावर एक रेघ जाते. तिच्या वहीतली माहिती मात्र दुसऱ्या कुणाकडेच नसते.

आता याची दुसरी बाजू, जी मला जास्त टोचते. प्रोजेक्ट सक्तीचा झाला तसा त्याचा बाजारही उभा राहिला. कुठलं गाव, कुठलं दुकान ते सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. तयार फाइल मिळते, नाव तेवढं बदलायचं. पन्नास घरांचा सर्वे एका दुपारी एका खोलीत बसून भरला जातो. पन्नास घरांतली माणसं, त्यांची वयं, त्यांची मतं, सगळी त्या खोलीत जन्मतात. आणि यात फक्त मुलं नसतात. पैसे घरातून जातात. "एवढ्यासाठी उन्हात कशाला फिरतेस, विकत मिळतंय ना?" हे वाक्य मी आयांच्या तोंडून ऐकलं आहे.

आपण अचौर्य व्रताचं नाव घेतो तेव्हा दुसऱ्याच्या वस्तूला हात न लावणं एवढंच मनात येतं. दुसऱ्यानं केलेले कष्ट आपल्या नावावर लावणं ही चोरी नाही का? आणि जी आजी कधी भेटलीच नाही, तिच्या तोंडी उत्तर घालणं हे असत्य नाही का? मार्क मिळतील, पण शोधाच्या पहिल्याच पायरीवर पोरीनं काय शिकून घेतलं? सत्य शोधायचं नसतं, ते दुकानात मिळतं. परीक्षेत नक्कल करणाऱ्याला निदान माहीत असतं की खरं उत्तर कुठंतरी आहे. खोटा सर्वे भरणाऱ्याच्या मनातून ती जाणीवच पुसली जाते. म्हणून मी म्हणते, खोट्या प्रोजेक्टपेक्षा प्रोजेक्ट नसलेला बरा. लवकर संशोधन द्यावं की नाही, या प्रश्नाआधी खरं द्यावं की खोटं, हा प्रश्न आहे.

खरं काम मिळावं म्हणून आपल्या मराठी मुलींनी किती सोसलं, तेही आठवावं. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, दुर्गा भागवतांच्या धाकट्या बहीण. जन्म १९११चा, आपल्याच मध्य प्रदेशातल्या इंदूरचा. मुंबई विद्यापीठाची बी.एससी. उत्तम गुणांनी पास होऊन त्यांनी १९३३ साली बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये संशोधनासाठी अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन, नोबेल मिळालेले. त्यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई बंगलोरला जाऊन ठाण मांडून बसल्या, तेव्हा एक वर्ष पारखून बघू, अशा अटीवर घेतलं. वर्षभरात त्यांचं काम बघून रामन यांचं मत पालटलं, आणि त्या संस्थेचं दार पुढच्या मुलींसाठी उघडलं. कमलाबाई १९३९ साली केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या. नंतर मुंबईत आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी काम केलं ते कशावर? नीरेवर, डाळींवर, धानाच्या पिठावर. गरिबाच्या ताटात जे असतं त्यावर.

याच रामन यांचा पहिला शोधनिबंध १९०६ साली विलायतेच्या नियतकालिकात छापून आला, तेव्हा ते स्वतः मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकणारे, अठरा वर्षांचे विद्यार्थी होते. अठराव्या वर्षी आपल्याला जे मिळालं, ते बावीस वर्षांच्या पदवीधर मुलीला देताना त्यांचा हात आखडला. हे मी रामन यांना नावं ठेवायला सांगत नाही. मत बदलण्याचा मोठेपणा त्यांनी दाखवला. पण ‘हिला जमणार नाही’ हे आधीच ठरवण्याची सवय किती थोरामोठ्यांनाही असते, ते यातून दिसतं.

ही सवय आजही नियमांत डोकावते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या चार वर्षांच्या पदवीच्या आराखड्यात संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत. चौथ्या वर्षाच्या मोठ्या कामासाठी काही चाळणी असावी हे मला समजतं. पण मिशिगनचा अभ्यास वाचून मला वाटतं, ज्यांच्यासाठी दार बंद राहतं त्यांनाच कदाचित त्याची गरज जास्त असेल. ७५ टक्केवाली कशीही टिकेल. ५५ टक्केवालीला धरून ठेवायला काय आहे? म्हणून पहिल्या-दुसऱ्या वर्षाचं ते छोटं काम तरी सगळ्यांना खरंखुरं मिळावं. ते आपल्या गावात मिळू शकतं, त्यासाठी बंगलोरला जावं लागत नाही.

शिक्षकांची अडचणही मला दिसते. एकेका प्राध्यापकाच्या माथी शंभर-शंभर मुलं, मग ते कुणाकुणाच्या वहीत डोकावणार? ती अडचण सरकारनं सोडवायची आहे. पण दुसरी अडचण मनाची आहे. विद्यार्थिनीला जे कळलं ते आपल्याला ठाऊक नव्हतं, हे मान्य करणं जड जातं. इथं मला आनंद श्रावकाची गोष्ट आठवते, आपण ती व्याख्यानात ऐकलेली आहे. आनंद गृहस्थ. त्याला फार मोठं अवधिज्ञान झालं होतं. गौतमस्वामी म्हणाले, गृहस्थाला एवढं होणं शक्य नाही, प्रायश्चित्त घे. आनंदानं नम्रपणे विचारलं, प्रायश्चित्त खऱ्यासाठी असतं की खोट्यासाठी? गौतमस्वामी भगवानांकडे गेले. भगवान म्हणाले, आनंदाचंच खरं आहे, जाऊन क्षमा माग. आणि एवढे मोठे गणधर एका गृहस्थाच्या दारी क्षमा मागायला गेले. ज्ञानाच्या बाबतीत वडीलधारेपण चालत नाही, हे याहून स्पष्ट कोण सांगणार?

मग आपण बायांनी काय करायचं? आपल्या हातात अभ्यासक्रम नाही, पण घर आहे. कुणाची पोर वही घेऊन दारी आली, तर "लिही काहीही" म्हणून वाटेला लावू नये. पाटावर बसवावं, आठवून खरं सांगावं, आठवत नसेल तर आठवत नाही म्हणावं. आपल्या पोरीला दुपारच्या कामांतून आठवड्यातले दोन दिवस मोकळे करावेत. एकटीनं जायची काळजी वाटली तर सोबत जावं, पण तिच्या वतीनं बोलू नये. आणि तयार फाइलीसाठी पैसे मागितले, तर लाड म्हणूनही देऊ नयेत.

राहिला सुरुवातीचा प्रश्न, पाया आधी की शोध आधी. स्वयंपाकाची वही पाठ करून कुणी भाकरी शिकलं नाही. पहिली भाकरी वेडीवाकडी होते, दुसरी करपते, आणि त्या करपण्यातूनच आच किती हवी ते कळतं. शिकणं आणि करणं ही दोन वेगळी वर्षं नसतात. फक्त पीठ खरं हवं, तवा खरा हवा, आणि पहिली भाकरी बिघडली म्हणून पोरीला चुलीपुढून उठवायला कुणी टपलेलं नको.

या वर्षी पोरगी कॉलेजातून आली की मार्क विचारण्याआधी एवढं विचारून बघा: सध्या तू काय शोधते आहेस? आणि उत्तर यायला वेळ लागला, तर घाई करू नका.